बेल्टला घातलेलं तेल

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजीची गाडी रस्त्यात बंद पडली, इंजिन गेलं, आणि या वयात आजीने गाडी चालवू नये हेच बरं. यातलं एकच खरं आहे. गाडी रस्त्यात बंद पडली. बाकीचं मी क्रमाने लिहिते, कारण क्रम सोडून सांगितलं की खोटं खपवणं सोपं जातं.

माझी थोरली बहीण, तुमची मोठी आजी, पापनाशमला असते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून जन्मभर बोललेली तमिळ तिच्या तोंडून गेली. राहिली ती फक्त आपली घरातली मराठी. तिला सांभाळणारी बाई मायाळू आहे, पण तिला मराठीचा शब्द कळत नाही. फोन कानाला लावला की अक्का गप्प होते. म्हणून मी जाते, तिला काय हवं-नको ते ऐकते आणि त्या बाईला तमिळमध्ये सांगते. गुडघ्यामुळे बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. गाडी ही माझी हौस नाही.

नवरात्रात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चीं चीं असा आवाज येऊ लागला. एसी लावला की तो वाढायचा. इंजिनच्या एका बाजूला रबरी बेल्ट फिरतो. त्याच्या जोरावर बॅटरी चार्ज होते, पाणी फिरून इंजिन थंड राहतं, स्टिअरिंग हलकं चालतं. हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आहे, आणि या घरात ते उघडणारी मी एकटी.

मोगऱ्याच्या कुंड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली, पदर घट्ट खोचला आणि लांबूनच फिरत्या बेल्टवर फवारा मारला. आवाज थांबला, आणि लगेच परत आला. पाण्याने आवाज बदलतो म्हणजे दोष बेअरिंगचा नाही, बेल्टचाच. इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर बेल्टच्या आतल्या बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. मेकॅनिकला फोन केला.

"बेल्ट मागवून ठेवतो, अम्मा. पण उद्या आयुधपूजा. पाने-पकडी पूजेत मांडल्यात, हात लावायचा नाही. सण उरकला की या."

हे मला मान्य होतं. हत्यारांनाही एक दिवस विश्रांती असावी. मान्य नव्हतं ते पुढचं.

घरातल्या वाहनांची पूजा तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर करतात. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, "भावोजी, चंदन-कुंकू बाहेरून लावा. बॉनेट उघडू नका."

"हो वहिनी, हो," म्हणाले. झोपाळ्यावर बसून.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, तर आवाज नाही.

"बघा वहिनी, देवाची कृपा!"

"कृपा असू दे, बेल्ट मी बदलणारच," असं म्हणून मी पापनाशमला निघाले. अर्ध्या वाटेवर, दोन्हीकडे भातशेतं, बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. उष्णतेचा काटा वर सरकू लागला. मी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. इंजिन वाचलं ते त्यामुळे.

गाडी ओढून घरी आणली. मी आत जाऊन पाणी पिते आहे तोवर दिरांनी तुमच्या बाबाला फोनही लावला होता. "इंजिन गेलं रे. वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात, किती वेळा सांगायचं?" आणि तुमचा बाबा, माझा मुलगा, मला एक प्रश्न न विचारता म्हणाला, "आई, आता पुरे. काका गाडी विकतील. तू टॅक्सीने जात जा." किल्ली दिरांनी ठेवून घेतली. सणाच्या दिवसांत टॅक्सी कुठली मिळते? मी रोज टॅक्सीवाल्यांना फोन करत होते, आणि पापनाशमला अक्का त्या बाईशी मराठी बोलत होती, जिला ती कळत नव्हती.

मग दिरांनी एक गिऱ्हाईक आणलं. कुंभकोणमचे गृहस्थ, गाड्या घेणारे-विकणारे. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, वास घेतला आणि हसत सुटले.

"सार, इंजिनवर दोसे घालता की काय?"

मी पुढे झाले. खरंच, दोशाच्या तापल्या तव्याचा वास. बेल्टवर बोट फिरवलं. तिळाचं तेल. माझ्याच स्वयंपाकघरातलं.

"भावोजी, हे काय आहे?"

"अहो, पूजेच्या दिवशी जरासं घातलं. झोपाळ्याची कडी कुरकुरली की आपण काय करतो? आणि सणाला माणसाला तेल लागतं, गाडीला नको?"

"कडीने सरकायचं असतं. बेल्टने पकडायचं असतं. तेल घातलंत म्हणून तो नुसता घसरत राहिला, आणि म्हणून गाडी थांबली."

"मी काय मुद्दाम केलं?"

"तेल मुद्दाम नाही घातलंत. पण मी क्लचवर पाय ठेवते असं सगळ्यांना सांगत होतात, तेव्हा तेलाबद्दल गप्प मात्र मुद्दाम बसलात."

गिऱ्हाईक चपला शोधू लागले. मी त्यांना कॉफी विचारली, आणि किल्ली दिरांच्या हातून काढून घेतली.

मेकॅनिक घरी आला. तेल प्यायलेला रबर धुऊन उपयोगाचा नसतो, म्हणून जुना बेल्ट कापूनच काढला. बेल्ट ज्या चाकांवरून फिरतो ती सगळी पुसून कोरडी केली, नवा बेल्ट चढवला, ताण पाहिला. इंजिन सुरू केलं. लाल दिवा विझला. मी तशीच निघाले. दीर फाटकाशी उभे होते. मी काच खाली केली नाही.

अक्का खाटेवर उताणी होती, डोळे घट्ट मिटलेले. बाई घाईघाईने म्हणाली, "इतके दिवस एकच काहीतरी सांगतायत, अम्मा. मी पाणी देते, औषध देते, पाय चेपते. तरी रडतात."

मी जवळ बसले. अक्काने डोळे उघडलेच नाहीत. म्हणाली, "ऊन येतंय गं डोळ्यांवर."

समोरची खिडकी सताड उघडी होती. मी उठून ती लावली.

हे तुमच्या बाबाला वाचून दाखवा. सगळं. गाडी विकायची नाही.