सुमनताई शांत नव्हती

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंदीच्या शिवारात हरभऱ्याला पाणी देत होतो. तिच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई बोलत होत्या. रविवारची उपासना संपली, सगळे उठले, सुमनताई बाकावरच बसून राहिली... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आठवड्याने तिच्यासाठी सभा झाली. एक गृहस्थ म्हणाले, "सुमनताई जन्मतःच शांत. सोशिकपणा त्यांच्या रक्तात होता." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खोटं आहे." लोक चपापले. पुढचं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

माझी मोठी बहीण शांत नव्हती. आमच्या घरात तिच्याइतकं तापट कुणीच नव्हतं. माझी वही फाडणाऱ्या पोराला तिने पार गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत पळवत नेलं होतं. वाढलेलं ताट अंगणात भिरकावणं तर नेहमीचंच. वर्ध्याला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे तिने बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले, पोरीला कुणीतरी फूस लावली. तिला फूस लावणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात अजून जन्मायचा होता! आईने मात्र तिला घर बंद केलं, आणि दाराची कडी लावणारा हात माझा होता. पुढे अकरा वर्षं ती स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहिली.

मग आईला अर्धांगवायू झाला. तिसऱ्या दिवशी ताई दारात उभी. या वेळी मी बाजूला झालो. रोज ड्यूटीआधी येऊन ती आईचं अंग पुसायची, लुगडं बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायची. आई सगळं करून घ्यायची, पण पाण्याचा पेला पुढे केला की तोंड फिरवायची. "तुह्या हातचं नाई पेत मी."

एका सकाळी आईने धड असलेल्या हाताने तो पेला ताईच्या तोंडावर फेकला. भुवई फुटली. ताईने पाण्याचं घमेलं उचलून भिंतीवर आदळलं, "मर मंग तशीच!" असं ओरडली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर, भुवईवर पट्टी. आईच्या खाटेशी बसून म्हणाली, "आई, चुकलं माह्यं. माफ कर."

मी तिला बाहेर गाठलं. "ताई, तुले राग येत नाई का?"

"येते ना. आत्ताही येऊन राह्यला."

"मंग माफी काऊन मागतली?"

"काल मी माह्या भरवशावर आलती. आज प्रभूजवळ मागून आली. माह्याजवळ नाई रे एवढं प्रेम. रोजचं रोज मागा लागते. उद्याचं आज देत नाई तो."

म्हणून मला त्या 'रक्तात होता'चा संताप आला. रक्तात असतं तर तिला रोज सकाळी हात कशाला पसरावे लागले असते? त्यानंतरही ती दोनदा भांडून गेली आणि दोनदा परतली. पण हळूहळू आवाज खाली आला, राग यायला वेळ लागू लागला. तिला कुणी 'देवमाणूस' म्हटलं की ती फटकारायची, "देव वेगळा, मी वेगळी." दोन वर्षांनी एका दुपारी आई म्हणाली, "सुमे, पानी दे." ताईने पाणी पाजलं, पदराने आईचं तोंड पुसलं आणि मागच्या अंगणात जाऊन हुंदके देऊन रडली.

दफनाच्या दिवशी काका आडवे आले. "आपल्या घरची पोरगी मातीत पुरता का?" मी म्हटलं, "तिनं सांगतलं तसंच होईन." आणि शवपेटीला खांदा दिला. भावकीतलं दुसरं कुणी आलं नाही.

आता आईचं मी करतो. मला जमत नाही. आई हातावर चापट्या मारते, आणि रक्त तर माझंही तेच. परवा मी तिच्या अंगाखालची चादर हिसक्याने ओढली. ती घाबरून बघत राहिली... मी बाहेर ओट्यावर आलो, डोळे मिटले, हात जोडले. कुणाला हाक मारली, मला सांगता येणार नाही. आजच्यापुरतं दे, एवढंच म्हणालो.

रस्त्यावरून काका चालले होते. थबकले. "काय रे, तूही गेला का त्यायच्यात?"

"काका, पानी थंडं होऊन राह्यलं," मी म्हणालो. "आईले पुसून येतो, मंग बोलू."

आणि आत गेलो.