उंदीरआत्या

गणपतीच्या आरतीनंतर आमच्या आत्याचा पहिला नमस्कार उंदराला असायचा, मग गणपतीला. पहिला मोदकही उंदरापुढेच. आई वैतागायची, "वन्सं, अहो, देव वर बसलाय!" त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, देवाची माझी ओळख जुजबी. मी जेवते ती याच्या जिवावर." पंचवटीतल्या आमच्या गल्लीने तिचं नावच उंदीरआत्या ठेवलं. तिला ते इतकं आवडलं, की परदेशातून फोन केला तरी "उंदीरआत्या बोलतेय" अशीच सुरुवात करायची.

ती बाबांची धाकटी बहीण. नव्वदच्या दशकात शिकायला अमेरिकेत गेली आणि एचआयव्हीच्या मागे लागली. हा विषाणू अंगात शिरल्यावर रूप कसं बदलत जातो, एवढाच तिचा प्रश्न. माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत आणि साध्या उंदराला हा विषाणू लागतच नाही. म्हणून ज्यांना स्वतःची प्रतिकारशक्ती नाही असे उंदीर घ्यायचे आणि त्यांच्यात माणसाच्या पेशी रुजवायच्या. मग उंदराच्या रक्तात माणसाच्या लढाऊ पेशी फिरू लागतात. "विषाणू फसतो गं!" आत्या डोळे मोठे करून सांगायची. "त्याला वाटतं, माणूसच सापडला. मग तो आपले सगळे खेळ आमच्यासमोर खेळून दाखवतो." ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आजही येतो. कुठे तो बोटभर जीव, आणि त्याच्या अंगात आपल्या माणसांचं रक्त!

गल्लीला याचं काही कौतुक नव्हतं. समोरच्या काकू म्हणायच्या, "एवढी शिकलीस, तर आमच्या माळ्यावरच्या उंदरांचं तेवढं बघ की." आत्या खो खो हसायची. तिच्या उंदरांजवळ जायचं तर टोपी, मास्क, झगा, मोजे, सगळं चढवावं लागे. आपल्या एका शिंकेने त्यांचा जीव जायचा. "आपल्या आजीचं सोवळं काहीच नाही माझ्या सोवळ्यापुढे," म्हणायची. प्रयोग संपला की उंदरांचा जीव घ्यावा लागे. त्या दिवशी ती गोड खात नसे. आत्याने गोड सोडणं म्हणजे काय, ते तिला मोदकांवर तुटून पडताना पाहिलेल्यांनाच कळेल.

आमच्याकडे दुर्वा-फुलं द्यायला सुमन यायची. मखमलाबादकडे तिचा फुलांचा मळा. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. तो या एचआयव्हीनेच गेला आणि जाताना आजार हिला देऊन गेला. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. आत्या गणपतीला आली असताना सुमनने स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर लावून, स्वतःच सांगितलं, "ताई, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाते. तरी ताप जात नाय, वजन बी उतरतंय. माझी रेखा अजून चौथीत हाय हो."

"गोळी चुकते का कधी?"

"नाय."

"एकही?"

सुमन हळूच म्हणाली, "मंगळवारची सकाळची चुकते. आन् नवरात्रात नऊ दिवस सकाळची. दिवस मावळेपर्यंत पानीबी घेत नाय मी. कालिकेला बोलले हाय ना, रेखा मोठी होईस्तोवर मला ठेव म्हनून."

आत्याने कपाळाला हात लावला. जगण्यासाठी धरलेला उपासच हिच्या जिवावर उठला होता. "सुमन, गुलाबावर अर्धीच फवारणी केलीस तर?"

"कीड मरत नाय. उलट औषधाला सोकावते."

"मग! माझ्या उंदरांत मी हेच बघते. हा विषाणू वाढताना सारखा चुकतो. अंगात औषध पुरेसं असलं, की त्याला वाढताच येत नाही. कमी पडलं, की चुकता चुकता एखादा असा निपजतो, जो औषधाला जुमानत नाही. मग त्याचंच राज्य."

सुमनला सगळं समजलं. तिचे डोळे भरले. तरी म्हणाली, "पन देवीला शब्द दिलाय, ताई."

"अगं, औषध उपासाला चालतं," आई मध्ये पडली.

"तुमच्या उपासाला चालत असंल. मी पान्याचा थेंब घेनार नाय असं बोलले. आन् मोडला, न् रेखालाच काय झालं, तर?"

नवरात्र तोंडावर आलं होतं आणि आत्या त्याआधीच परत जायची होती. तिने वाद घातला नाही. मखराकडे, म्हणजे अर्थात उंदराकडे, पाहिलं. मग म्हणाली, "नवस मोडू नकोस. देवीला बदली माणूस चालत असेल ना? तुझं नवरात्र मी धरते. मंगळवारही माझे. तू बोललीस तसेच, पाण्याशिवाय. तू फक्त गोळी घ्यायची, सकाळ-संध्याकाळ."

"तुम्ही? तुमचा तर देवावर इस्वास नाय."

"तुझा आहे ना? आणि माझ्या शब्दावर?"

सुमनने तिच्याकडे पाहिलं, मखरापुढचा नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी आत्याच्या हातात दिला.

मग आत्या तिला घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून औषध बदललं, आणि हळूहळू सुमनच्या अंगावर मांस चढलं. तिकडे आत्या दर मंगळवारी आणि नवरात्राचे नऊ दिवस सूर्य मावळेपर्यंत कोरडी राहायची. मी एकदा फोनवर विचारलंच, "खरंच पाणीसुद्धा नाही? तिथे कोण बघतंय तुला?"

"सुमन तिकडे गोळी घेते, ते तरी कोण बघतंय?" ती म्हणाली. बाई गं, काय माणूस होतं!

एका उन्हाळ्यात आत्या तिकडे कामावरून घरी आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले; आम्हाला नीट रडायलाही समोर काही नव्हतं. गणपती आले, तेव्हा सुमन दोन हार घेऊन आली. एक नेहमीचा मोठा. दुसरा तगरीच्या कळ्यांचा, अंगठीएवढा. तो तिने स्वतः उंदराच्या गळ्यात घातला आणि दाराशी टेकली. रेखा आता हायस्कुलात जात होती.

"नवरात्र आलं," सुमन म्हणाली. "ताई नाय. यंदा उपास माझा मलाच धरावा लागनार."

मी कसली उपास करणारी! चहा मिळेपर्यंत माझं तोंड उघडत नाही. पण मी मखरापुढे गेले, नारळ उचलून सुमनच्या हातात दिला आणि तिच्यापुढे ओंजळ धरली.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"पानीबी नाय हां," म्हणाली, आणि नारळ माझ्या हातात ठेवला.