रुखवतातला कावळा

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी नववीत होते आणि चित्रकलेची पहिली सरकारी परीक्षा पास झाले होते, म्हणजे घरातली एकमेव मान्यताप्राप्त कलाकार. त्यामुळे रुखवत माझ्याकडे आलं. लाडू-चकल्या आईकडे, शोभेच्या वस्तू माझ्याकडे. ऐंशीच्या दशकात आमच्या अंबरनाथमध्ये लग्नाला लोक यायचे ते जेवायला आणि रुखवत बघायला. मुलाकडच्या बायका त्या टेबलाभोवती फिरून मुलीकडच्यांची अक्कल जोखायच्या.

तसं रुखवत विकतही मिळायचं. आई आम्हा दोघींना उल्हासनगरला कॅम्पातल्या एका दुकानात घेऊन गेली. सिंधी शेठने थर्माकोलचा मोर काढला, हंसांची जोडी काढली, टिकल्या लावलेली डोली काढली. "ले जाओ बहनजी, पूरा सेट है. सब यही लेते हैं." आईचा हात पर्सकडे गेलासुद्धा, तेवढ्यात ताई म्हणाली, "आपल्या अंगणात मोर कधी आला होता गं?"

शेठ म्हणाला, "किसी के आँगन में नहीं आता बेटी, इसीलिए तो बिकता है."

ताईला काही ते पटलं नाही. तिला रुखवतात आमचं मागचं अंगण हवं होतं, रोज दिसणाऱ्या पक्ष्यांसकट. घरी आल्यावर तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "बाकी काही कर नाहीतर नको करूस, आपला कावळा झाला पाहिजे."

आपला कावळा म्हणजे धुण्याच्या दगडावर येणारा. ताई सकाळी ऑफिसला निघायच्या आधी त्याला पोळीचा तुकडा द्यायची. तो अगदी तिच्या हातातून घ्यायचा, शेजारच्या बादलीत बुडवून मऊ करायचा आणि मग खायचा. एकदा बादलीत नीळ घातलेली होती. पठ्ठ्याने निळी पोळी खाल्ली. ताई दिवसभर काळजीत. दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत आला आणि साबणाची वडी घेऊन गेला.

तर मी उलट्या घमेल्यावर बसून पक्षी बघायला लागले. पुस्तकातले पक्षी कसे शहाण्यासारखे एका बाजूला तोंड करून बसतात. आमचे म्हणजे नुसता वैताग. खंड्या कपड्यांच्या दोरीवर बाबांच्या बनियनशेजारी बसायचा, पण मी पेन्सिल उचलली की उडालाच. सातभाई पालापाचोळ्यात इतकं भांडायचे की कोणती शेपूट कोणाची ते समजेना. लोकरीचे मी चारच केले, लोकर संपली. "बाकीचे तिघे फर्स्ट शिफ्टला गेलेत म्हणून सांग," बाबा म्हणाले. बाबा कारखान्यातले, त्यांना सगळं जग शिफ्टमध्येच दिसायचं.

कावळ्यावर मात्र मी जीव लावला. लोकरीला त्याची चकाकी येईना, कागदाला येईना. मग एक दिवस दाराशी बाबांची छत्री दिसली आणि माझे डोळेच उघडले. तेच काळं, तेच चकचकीत. कापड फाडून अंग शिवलं, आत कापूस भरला, मानेला जुन्या माकडटोपीची करडी पट्टी लावली, पाय छत्रीच्या काड्यांचे. बाबा सांगाड्याकडे बघत म्हणाले, "अगं, ही चालू छत्री होती."

कावळा अंगाने जरा बाळसेदार झाला, कोंबडीएवढा म्हणा ना. पण मान तिरकी करून असा काही बघायचा की आई स्वयंपाकघरात त्याला एकदा "हाड" म्हणाली. मला परीक्षेच्या निकालाचासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी बुवापाड्याहून मावशी आली. मावशी म्हणजे रुखवताची सर्वोच्च अधिकारी, लवंगांची बैलगाडी करणारी. तिने सातभाई बघितले, खंड्या बघितला आणि कावळ्यापाशी येऊन डोक्याला हात लावला.

"पिंडाला शिवणारा पक्षी लग्नात? उद्या त्यांच्याकडचे काय म्हणतील? तेराव्याला बोलावलंय का?"

आई घाबरली. नवरा मुलगा इथल्याच कारखान्यात होता, पण माणसं बदलापूर गावातली, भातशेतीवाली, जुन्या वळणाची. ताई शांतपणे म्हणाली, "कावळा नाही तर टेबलच मांडू नका." आता आली का पंचाईत. एवढा जीव ओतून केलेला कावळा माळ्यावर जाणार, नाहीतर ताई रुसून बोहल्यावर चढणार.

मावशीनेच तोड काढली. याचे पंख तपकिरी करा, डोळे लाल करा, झाला भारद्वाज. भारद्वाज दिसणं शुभ, लोक उलट हात जोडतील. मी थयथयाट केला. कोणी विचारलं नाही. माझ्याच पोस्टर कलरने माझ्याच कावळ्याचं मावशीने बारसं करून टाकलं. ताईने तोंड फिरवलं, पण आईकडे बघून टेबल मांडायला हो म्हणाली.

मावशीने सगळा विचार केला होता, एवढंच सोडून की ते छत्रीचं कापड होतं. जे पाणी धरत नाही ते रंग काय धरणार? मे महिना, हॉलमध्ये पंखे गरगर फिरत होते आणि अक्षता पडेपर्यंत भारद्वाजाला पोपडे सुटायला लागले. मी टेबलाला पाठ लावून उभी राहिले, लाडवांवर पडलेले तपकिरी तुकडे फुंकत. म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. ताईच्या सासूबाई वाकल्या आणि डाव्या पंखाचा अख्खा रंग सोलून खाली आला.

"भारद्वाज आहे," मावशी घाईघाईने म्हणाली.

सासूबाईंनी बोटाने उरलेला रंग खरवडला. "कावळा हाय ह्यो."

आई पांढरीफटक पडली. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत ताई पुढे आली. "कावळाच आहे. रोज माझ्या हातची पोळी खातो. मीच करायला सांगितला."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग कावळ्याकडे, आणि त्याला सरळ काखोटीला मारला. "मंग लपवता कशाला? कावळा वरडला का पाव्हनं येतात. आमच्या ओटीवर ठेवते याला. तुमी समदी येत ऱ्हावा."

सगळ्या हसल्या. आईच्या जिवात जीव आला. माझी कला जिंकली होती, मला खरं तर मिरवायला हवं होतं. पण ताई जाणार हे एवढे दिवस मला नुसतं माहीत होतं. आता आम्ही तिच्याकडे पाहुणे म्हणून जाणार, कपबशीतून चहा घेऊन निघणार, हे माझ्या डोक्यात तिथे त्या चकल्यांशेजारी शिरलं, आणि मी भोकाड पसरलं.

मावशी धावत आली. मला पोटाशी धरून म्हणाली, "रडू नकोस गं. परत रंगवू आपण त्याला."