दोन बोटांत कळणारं तेल

९ नोव्हेंबर. आजचं काम: गवत कापायच्या मशीनचं तेल बदलणे.

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, पातळ आणि घट्ट, आणि कोण कुठल्या प्रकारात मोडतो हे फक्त आमच्या भावजींना कळतं. भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. वय सत्तर, घर आमच्या कुंपणापलीकडे. जन्मभर बोटीवर ऑइलर होते. कुठल्या यंत्राला कुठलं तेल, किती आणि केव्हा, एवढंच त्यांनी इंजिनखोलीत छत्तीस वर्षं पाहिलं, आणि बोटीवरची नोकरी सुटल्यावर गावातल्या माणसांकडेही ते त्याच नजरेने पाहू लागले. आमचे सरपंच 'गरम झालो काय पातळ'. टपाल आणणारा 'थंडीत जाम'. माझ्याबद्दल त्यांचं मत 'ग्रीस', म्हणजे एकदा जिथे बसली तिथून हलायची नाही. मी ही स्तुती समजते.

तेल ओळखायची त्यांची पद्धत एकच. अंगठा आणि शेजारचं बोट. थेंब घ्यायचा, चोळायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. शिंक यायला लागतो त्याहून जास्त वेळ त्यांना कधी लागला नाही. एका लग्नात पंगत बसत होती, आणि भावजी मागच्या दारी आचाऱ्याच्या कढईपाशी. झाऱ्याला लागलेलं तेल चोळून त्यांनी जाहीर केलं, "ह्या तेल कालच्या लग्नातला." आचारी अंगावर धावून आला. संध्याकाळी त्याने कबूल केलं, पण वधूकडचे अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. कोल्हापूरला जाताना फोंडाघाटाच्या पायथ्याशी आमची भाड्याची जीप चहाला थांबली, तर सगळे टपरीत आणि हे जीपखाली. मग ते हात धुवायला टपरीमागे गेले, आणि आम्ही त्यांना विसरून निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर चालकाचा फोन वाजला. आता ओरडा बसणार म्हणून मी तयारीत होते, तर पलीकडून भावजी शांतपणे म्हणाले, "मागल्या डाव्या चाकाकडे गळता हां. सावकाश चढव." स्वतः मागे राहिल्याचा उल्लेख नाही. तो आम्हीच केला.

तारकर्लीत माझ्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. मागे माडांखाली खाडीपर्यंत उतरत जाणारी हिरवळ. यजमानांनी गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून हे बसून चालवायचं मशीन आणलं, आणि पुढच्या वर्षी ते गेले. मशीन राहिलं. ते चालवायला भावजी येऊ लागले, त्याला सात वर्षं झाली. रोज सकाळी सातला, गवत असो वा नसो. मे महिन्यात गवत नावाला नसतं, तेव्हाही ते मशीन बाहेर काढतात, पुसतात, माडांभोवती एक फेरी मारतात आणि परत ठेवतात. आठाला चहा. चहाबरोबर दहा मिनिटं बोलणं, बहुधा माझ्या चुकांबद्दल. त्यांचा मुलगा कॅनडात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवसभरात ते आणखी कुणाशी बोलत असतील असं मला वाटत नाही. मी बोलते, पण खोली किती वाजता सोडायची आणि गरम पाणी कुठल्या नळाला येतं, याबद्दल.

दिवाळीनंतर मशीन चढावर दम टाकायला लागलं. थंड असताना नीट चाले, अर्धा तास झाला की पेडल तळाला टेकवलं तरी जागच्या जागी घुरघुर. या मशीनला गिअर नाहीत. आतला पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या दाबाने चाकं फिरतात, म्हणजे तेल हेच गिअर. ते म्हातारं झालं की तापल्यावर पातळ होतं आणि चाकांत जोर राहत नाही. आणि नवं घालताना चुकीचं घातलं तर पंपच जातो. तो पंप मुंबईतही मिळत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक ते धूड. कापायला माणूस मिळतो." मिळतो, खरं आहे. पण मशीन गेलं तर भावजी सातला कशाला येतील? हे मी मुलीला सांगितलं नाही. म्हटलं, बघू तेल बदलून.

मशीनची पुस्तिका नव्हती, आणि पंपावरच्या पट्टीवरचे आकडे खाऱ्या हवेने खाल्ले होते. मालवणच्या दुकानदाराने इंजिनचं तेल दिलं, वीस-पन्नास नंबरचं. बंदरावर ट्रॉलरचे जाळी ओढायचे विंच दुरुस्त करणाऱ्याने जॅकचं तेल दिलं, म्हणाला दाबाचं काम आहे तिथे हेच. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगचं लाल तेल दिलं. मी तिन्ही आणली. शिवाय मशीन बनवणाऱ्यांना फोटो पाठवून विचारलं, आणि गुरुवारी त्यांचं उत्तर आलं: इंजिनचं, वीस-पन्नास. हे मी भावजींना सांगितलं नाही. तेलाचा निकाल आमच्याकडे तेच देतात.

आज सकाळी तीन वाट्या ओसरीवर मांडल्या. डबे दाखवायचे नाहीत हा त्यांचा नियम. "डबो बघून तेल वळाखता तो दुकानदार." लाल वाटी त्यांनी हातही न लावता सरकवली. "ह्या सरबत पावण्यांका दी."

उरल्या दोन, रंगाने जवळजवळ सारख्या. पहिलीत बोट बुडवलं, चोळलं, डोळे मिटले. उघडले. पुन्हा चोळलं. दुसरीत बुडवलं. फडक्याने बोट पुसलं आणि परत पहिलीकडे आले. मी चहा ठेवला होता, त्यावर साय धरली. कावळा येऊन बिस्कीट घेऊन गेला, तरी निकाल नाही. शेवटी त्यांनी एक वाटी पुढे केली. "ह्या."

ते जॅकचं होतं. वाटी कलंडवली की पाण्यासारखं धावत होतं. माझा तेलाशी संबंध फोडणीपुरता, पण एवढं मलाही दिसत होतं.

"भावजी, नक्की ना?"

"माका इचारतंस? तू?"

त्यांनी बोट माझ्यासमोर नाचवलं आणि तेव्हा मला तो फोड दिसला. टोकाशी, चांगला मोठा, फुटून कडा पांढऱ्या पडलेला.

"हे कशाने झालं?"

"खंय?" त्यांनी बोट जवळ नेऊन पाहिलं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं आहे. "काल सायलेन्सराक लागला आसतला."

"आणि दुखत नाही?"

"नाय." त्यांनी ते बोट पुन्हा अंगठ्यावर चोळलं. "कायच लागणा नाय गो. पावसापासना. ह्या तेल नि ता पाणी, माका दोनव सारख्या."

साखर त्यांना दहा वर्षं आहे, आणि साखरेने बोटं बधिर होतात. गोळ्या ते आठवण आली की घेतात. पावसापासून म्हणजे पाच महिने हा माणूस माझ्या स्कूटरचं, विहिरीच्या पंपाचं, सगळ्या गावाचं तेल चोळून, डोळे मिटून, अंदाजाने सांगत होता.

मी आत गेले आणि मधाच्या दोन रिकाम्या बाटल्या पुसून आणल्या. दोन्ही तेलं गळ्यापर्यंत भरली, झाकणं घट्ट लावली आणि दोन्ही बाटल्या एकदम उलट्या केल्या. एकीतला हवेचा बुडबुडा टुणकन वर गेला. दुसरीतला आळोखेपिळोखे देत निघाला.

भावजी पुढे झुकले. "परत कर."

परत केलं. तीनदा केलं.

"आता गरम पाण्यात ठेव. थंड आसताना सगळीच तेलां शाणी."

पातेल्यात पाणी तापवून बाटल्या बुडवल्या, मग पुन्हा उलट्या केल्या. जॅकच्या तेलातला बुडबुडा दिसायच्या आत वर. इंजिनच्या तेलातला अजून चाललाच होता, आपल्या चालीने. भावजींनी डोळे उघडे ठेवून निकाल दिला. "ह्या घाल."

जुनं तेल काढलं, ते ताकासारखं गढूळ झालं होतं. नवं भरलं. मागची चाकं विटांवर उचलली, कारण आत अडकलेली हवा घालवल्याशिवाय चाकं जोर धरत नाहीत. भावजी सीटवर बसून पेडल पुढे-मागे करत होते, मी मागे हवा सोडायचा खटका धरून उभी. "सोड." "धर." "सोड गो, झोपलंस?" पंधरा मिनिटं आमचं हेच संभाषण चाललं. मला वाटलं, निभावलं.

चाकं खाली उतरवल्यावर ते म्हणाले, "तुका आधीच म्हायत होता मा?"

खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, म्हणून मी बोलत नाही. "गुरुवारपासून."

"मगे माका कित्याक बसयलंस?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय मी कधी कशात तेल घातलंय?"

त्यांनी फडकं घेऊन एकेक बोट पुसलं, नीट, जणू सगळी चालू आहेत. चहा न घेताच निघाले. कुंपणातल्या वाटेशी थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "उद्यापासना माणूस बघ गो दुसरो."

१० नोव्हेंबर. सात वाजले. साडेसात वाजले. दोन खोल्यांतले पाहुणे पोहे मागायला आले, त्यांना पोहे दिले. सात वर्षं मी ते मशीन रोज पाहिलंय, पण त्यावर कधी बसले नव्हते. बसले. फाटकातून रस्त्यावर घेतलं आणि भावजींच्या फाटकातून आत. माझी हिरवळ टकलासारखी तासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात गवत गुडघ्याला लागत होतं. ओसरीवर खुर्ची एकच. त्यांच्या दारापर्यंत मी यापूर्वी कधी आले होते, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

मी कापायला सुरुवात केली. पट्टे वाकडेतिकडे गेले. विहिरीकडे त्यांच्याकडेही चढ आहे. अर्धा तास झाल्यावर मुद्दाम तिकडे वळवलं, आणि मशीन बिनतक्रार चढलं. तेव्हा भावजी दारात आले.

"गो, पातां खाली आसा! धोंड्याक लागतला!"

"मग या आणि चालवा."

"माझी बोटां..."

"पेडल बोटांनी दाबतात का? पायाला लागतं ना?"

त्यांनी पाऊल पायरीच्या कडेवर घासून पाहिलं. खरोखर पाहिलं. "लागता."

"मग बसा. आणि दहाला डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी एवढं संपवा."

मी उतरले. ते चढले, पातं दोन खाचा वर घेतलं, आणि माझे वाकडे पट्टे पहिल्यापासून पुन्हा कापायला लागले.

मी आत जाऊन चहा टाकला. फळीवर कप एकच होता. दुसरा शोधायला बराच वेळ गेला. मागच्या डब्यांच्या आड उपडा घातलेला सापडला, धुळीने फळीला चिकटलेला. घासून घेतला, दोन्ही भरले आणि बाहेर पायरीवर आणून ठेवले.