विहीणबाई आणि जळती तलवार

मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना मी पहिल्याच भेटीत जिवंत जाळलं. (पोलिसांना फोन करू नका, खेळात जाळलं. पण ठरत आलेलं लग्न मोडायला तेवढंही पुरतं!)

आमची मृणाल आणि ऋतुराज यांची ओळखच मुळी फाशांच्या खेळात झालेली. या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे, जादूगार होतात आणि कोण जगणार ते फासे ठरवतात. ऋतुराज आईला घेऊन आजऱ्याहून आमच्याकडे आला, तेव्हा पोहे संपताच मृणाल म्हणाली, "एक डाव टाकूया. माणसं कळतात."

"अगं, बघायच्या कार्यक्रमात फासे कसले?" मी कुजबुजलो.

"टाका की!" ऋतुराजच्या आई शोभाताई पदर खोचून बसल्यासुद्धा. "मला तलवार पायजे."

त्यांना जळती तलवार मिळाली. फिरवली की ज्वाळा सुटणारी. मी जादूगार झालो. माझ्याकडे एकच मंत्र होता, भोवती अदृश्य कवच उभं करायचा. माणसं सोडली तर आग, बर्फ, वीज, काहीही त्यातून पार होत नाही.

मग मृणालनं गोष्ट सुरू केली आणि मी थक्कच झालो! एरवी घरात "हं"पलीकडे न बोलणारी ही पोरगी बर्फाचा राक्षस असा काही उभा करत होती, की भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला. मी सोफ्यावर पाय वर घेतले.

"राक्षसानं श्वास भरून घेतलाय," ती म्हणाली.

"कवच!" मी ओरडलो. मी, माझी बायको सुलभा आणि ऋतुराज कवचाच्या आत. शोभाताई बाहेर, एकट्या. डावच तसा ठरला होता. तलवारीची धग त्यांना बर्फापासून वाचवणार होती. पण विहीणबाई बाहेर ताटकळत उभ्या आणि आम्ही आत आरामात? आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसालासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवत नाहीत!

"ताई, आत या!"

"असू दे. बाहेरच बरं हाय मला."

"छे छे! पावणं बाहेर आन् आम्ही आत? लोक काय म्हणतील?" (लोक म्हणजे कोण? राक्षस!)

"पप्पा, नक्की?" मृणालनं विचारलं.

"नक्की म्हणजे? आमच्यात असंच असतंय!"

आग्रह मोडवेना म्हणून बिचाऱ्या आत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळा जोर लावून तलवार फिरवली.

मृणालचा आवाज एकदम खाली आला. "ज्वाळा निघाली. कवचाला धडकली. बाहेर जायला वाट नाही. ती मागं फिरली..."

मला ती दिसली! डोक्यावरून पांढरीशुभ्र आग घुमटभर फिरत आली. बाहेर राक्षस गारेगार. माझ्याच कवचानं त्याला वाचवलेलं! फासे पडले. चौघंही खलास.

"वा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुलभानं कपाळावर हात मारला. "अहो, वा काय? विहीणबाईंना भाजलंत!"

"मृणाल, थोडंसंच भाजलं म्हण की," मी विनवलं.

"नियम म्हणजे नियम, पप्पा. गेल्या त्या."

शोभाताई उठल्या. झालं, आता चप्पल घालणार!

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "सासूला मारताना हात न्हाय कापला! अशीच खमकी पायजे आमच्या घरात. पण आमची एक अट हाय."

मानपान? दागिने?

"लग्नात आचाऱ्याच्या चुलीकडं तुम्ही फिरकायचं न्हाय."

मी मान डोलावली आणि हळूच भुवया चाचपून पाहिल्या. होत्या.