कागदावरची आई

माझा भाऊ मला डाळिंब सोलून वाटीत दाणे घालून देऊ लागला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माणूस वाईट नाही. पण सहा वर्षं एका घरात राहून ज्याने मला कधी पाण्याचा ग्लास आणून दिला नाही, तो सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत लाल दाणे वेचत बसतो, म्हणजे काहीतरी शिजतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही. मी दाणे खाल्ले. गोड होते.

आम्ही मयूर विहारला एका सोसायटीत राहतो. तो गुडगावला आयटीत, मी नॉयडात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. घटस्फोट झाल्यावर मी पुण्याहून इकडे आले, कारण तिथे राहिले असते तर आईला येताजाता लोकांना तोंड द्यावं लागलं असतं. "भावाचं तिकडे कोण बघतंय, म्हणून गेलीय," असं ती सगळ्यांना सांगत आली. घटस्फोट हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. "ते तुझं झालं तेव्हा," एवढंच म्हणायची, जणू मला गोवर झाला होता. ते माझं झालं ते असं: पस्तिशीत गाठींमुळे गर्भाशय काढावं लागलं, त्यानंतर सासरच्यांनी थोडे दिवस सभ्यपणे वाट पाहिली, कशाची ते त्यांनाच माहीत, आणि मग वकिलाची नोटीस आली.

भाऊ चाळिशीला टेकलेला. त्याने मुली बघितल्या नाहीत असं नाही. मॉलमध्ये त्यांच्याबरोबर कॉफीवर कॉफी प्यायला, आणि दर वेळी घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचा, "नाही यार, ताई." शेवटी एका दिवाळीत, फराळाच्या ताटावर बसून त्याने जाहीर केलं, "मला बायको नकोय. मूल हवंय. मुलगी झाली तर बेस्ट."

मी हसले. तो हसला नाही. "लग्न म्हणजे चोवीस तासांचा परफॉर्मन्स रिव्ह्यू आहे," तो म्हणाला, "पण बाप मी चांगला होईन, बिल्कुल." ते खरं होतं. सोसायटीतली पोरं त्याच्या गाडीचा आवाज ओळखून धावत येत. त्यांच्या सायकलींच्या चेन बसवताना त्याचे ऑफिसचे शर्ट काळे व्हायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. त्याची इच्छा खोटी असती, तर मी तिची थट्टा करून मोकळी झाले असते.

आधी त्याने दत्तकाची चौकशी केली. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही आणि मुलासाठीही काही वर्षांची रांग आहे, हे तिथे कळलं. मग सरोगसी. त्याच्या ऑफिसात कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाने कायदा बदलण्याआधी तसं केलं होतं, म्हणून हा मोठ्या आशेने दक्षिण दिल्लीतल्या एका क्लिनिकमध्ये गेला. तिथल्या बाईंनी त्याला सांगितलं, आता जोडप्यांना परवानगी आहे आणि एकट्या बायकांमध्ये विधवा आणि घटस्फोटितांना. एकट्या पुरुषाला नाही. त्या संध्याकाळी तो बूट न काढता सोफ्यावर बसून राहिला. मला त्याची दया आली. मी त्याला आवडते तशी मऊ खिचडी केली.

आठवड्याभरात डाळिंबं सुरू झाली. मधल्या काळात तो पुन्हा क्लिनिकला जाऊन आला होता, आणि त्या बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "घर में और कौन कौन है?" हे मला नंतर कळलं.

त्याआधी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, थंडी किती, गुडघे कसे, आणि मग तिने विचारलं, "कागद नीट जपून ठेवलायस ना गं?"

"कुठला कागद?"

"घटस्फोटाचा."

इतका स्वच्छ उच्चार, की मी फोन कानापासून दूर धरून बघितला. मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

त्या रविवारी भावाने मला समोर बसवलं. बाहेर नोव्हेंबरची हवा इतकी घाण होती की दोन दिवस खिडक्या बंद होत्या, आणि हॉलमध्ये एअर प्युरिफायरचा लाल दिवा विझायचं नाव घेत नव्हता. तो मोबाइल बघून वाचत होता. बाई पस्तीस ते पंचेचाळीसमधली हवी. घटस्फोटित किंवा विधवा हवी. स्वतः गरोदर राहू शकत नाही असं वैद्यकीय कारण हवं. स्त्रीबीज तिचं स्वतःचं हवं. शिंप्याने माझंच माप घेऊन शिवावा असा कायदा.

"तू सगळ्यात बसतेस ताई. एकदम फिट," तो म्हणाला. "बीज तुझं, म्हणजे आपलंच रक्त ना? आईबाबांचं. बाकीचं अर्धं डोनरचं, तो कोण ते कळणारही नाही."

"आणि मी कोण?"

"कागदावर आई. घरात आत्या."

गीझरचं बटण कुठलं हे सांगावं, तशा सुरात तो हे बोलला.

"मला हाक काय मारेल ती?"

"आत्या. सांगितलं ना. मोठी झाल्यावर समजावू तिला, चलो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. नाही म्हणायचं मात्र राहून गेलं. आमच्या घरात जे म्हणायचं राहून जातं, ते हो म्हणून धरलं जातं.

त्यानंतर घर माझ्याशी फार हळुवार वागू लागलं, आणि मला त्या हळुवारपणाची धास्ती वाटू लागली. तो मला मेट्रोने जाऊ देईना, गर्दीत धक्के लागतात म्हणे. वजन उचलायचं नाही, उपास करायचे नाहीत, आंबट खायचं नाही. एकदा मी ऑफिसमधून आले, तर हा टेप घेऊन माझी खोली मोजत होता. "ऊन याच खोलीत येतं," तो म्हणाला. "तू मागच्या खोलीत झोपशील ना? तसंही तू लवकर उठतेस." मागची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची, जिथे आम्ही कांदेबटाटे ठेवतो. आणि पुण्याहून आई म्हणाली, "तुझ्या त्या सगळ्याचं शेवटी सार्थक झालं बघ." ती हे प्रेमाने म्हणाली. त्यामुळे मला उलट काही बोलताही येईना.

मी तपासणीला गेले ती 'नाही' हे उत्तर तिथूनच मिळेल म्हणून. माझं वय बघता डॉक्टरच हात वर करतील, आणि मला कुणाला दुखवावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी करता करता पडदा माझ्याकडे वळवला. "ये देखिए. कम हैं, पर हैं." राखाडी गोंधळात बारीक काळे गोल. अंडाशय काढलेले नाहीत हे मला ऑपरेशनपासून माहीत होतं. पण आत सगळं संपलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि ते संपलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. मला हाव सुटली. ते मूल मला हवं होतं, माझं म्हणून हवं होतं, त्याने मला आई म्हणायला हवं होतं, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नको होता.

"काय म्हणाल्या?" भावाने बाहेर विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. त्याने छताकडे बघून हात जोडले.

त्या दिवसापासून मी शहाण्यासारखी वागू लागले. इंजेक्शनं कधी सुरू होतील ते विचारलं, गोळ्या घेतल्या, मागच्या खोलीतले कांदेबटाटे स्वतःच हलवले. तो आईला फोनवर सांगायचा, "ताई एकदम तयार झालीय." मी तयार झाले होते हे खरंच होतं. स्वतःचीच भीती वाटावी इतकी शांत झोप मला लागायची.

क्लिनिकमध्ये एका समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत घेतलं. बच्चा किसके साथ रहेगा, त्यांनी विचारलं. मेरे साथ, मी म्हटलं. आणि भाऊ? "वो मामा है," मी म्हटलं. हा शब्द तोपर्यंत आमच्या घरात कुणीही उच्चारला नव्हता. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मूल कुणाचं ठरणार याचा आदेश आधीच कोर्टातून घ्यावा लागतो; ते पोटात वाढवणार असलेल्या बाईला मी तिथेच पहिल्यांदा बघितलं. कायद्याने तिने हे पैसे न घेता, निव्वळ मायेपोटी करायचं असतं, आणि मायेपोटी करणारी बाई क्लिनिकने शोधून दिली होती. पंचविशी ओलांडून थोडी पुढे गेलेली, स्वतःचं एक मूल घरी ठेवून आलेली. "दीदी की खुशी के लिए कर रही हूँ," ती म्हणाली, पण बघत होती क्लिनिकच्या बाईंकडे. मी तिला आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने कदाचित खरं सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं.

मॅजिस्ट्रेटसमोर आम्ही दोघीच उभ्या राहिलो. भाऊ मागच्या बाकावर होता, कारण त्या प्रकरणात त्याला उभं राहायला जागाच नव्हती. होणाऱ्या मुलाची आई म्हणून माझं नाव आदेशात आलं. बापाचा रकाना नव्हता. बाहेर आल्यावर तो गाडी आणायला गेला, आणि मी वकीलबाईंजवळ थांबले. त्या त्यानेच शोधलेल्या, मोठ्या बोलक्या.

"मामा का बच्चे पर क्या हक़ होता है?" मी विचारलं.

त्या हसल्या. "कुछ नहीं जी. लाड करे, गिफ्ट दे."

"और माँ बच्चे को लेकर कहीं और रहने चली जाए तो?"

त्यांचं हसू जरा उतरलं. गाडी फाटकातून आत येत होती. त्यांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माँ है," त्या म्हणाल्या. "जहाँ चाहे रहे." आणि पर्सची चेन ओढून त्या झटकन निघाल्या.

भाऊ उतरून माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. फोन स्पीकरवर होता, आई देवापुढे साखर ठेवल्याचं सांगत होती, आणि त्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसत होता. मला तो फार आवडतो. त्याचं वाईट व्हावं असं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

"बसा, आत्याबाई," तो म्हणाला.

मी बसले. सिग्नलला थांबल्यावर त्याने विचारलं, "वकील काय म्हणत होत्या एवढं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुझं कौतुक करत होत्या."