पगारी चुगली

मी चिनी भाषा शिकते हे पसरलं, तेव्हापासून वर्ध्यातल्या आमच्या गल्लीतला एकही बंद पडलेला चार्जर थेट कचऱ्यात गेला नाही. आधी तो माझ्याकडे यायचा. खोक्यावरची अक्षरं वाचून मी बिघाड सांगावा अशी लोकांची माफक अपेक्षा असायची. इथे फक्त 'ओल्या हातांनी लावू नये' एवढंच लिहिलंय, असं मी सांगितलं की त्यांची निराशा व्हायची. एका काकूंनी तर फवारणीच्या पंपाचं अख्खं माहितीपत्रक माझ्याकडून समजून घेतलं आणि शेवटी विचारलं, की एवढं शिकून चाऊमीन तरी येते का. मला चाऊमीन येत नाही. वरणभातही जेमतेमच जमतो.

बाबा इथल्याच एका कचेरीत कारकून. भाषा कोणती शिकावी याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: जिच्या जागांची जाहिरात निघते ती. चिनीची जाहिरात त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, बी.एड.वाल्यांची मात्र दर वर्षी पाहिली होती. मला प्रवेश घेऊ दिला तो केवळ आत्यामुळे. आत्या त्यांची थोरली बहीण, आणि बाबा साहेबाला भीत नसतील इतके तिला भितात. सगळे जमलेले असताना ती म्हणाली होती, "ज्याच्यासंग धंदा कराचा त्याच्या तोंडची भाषा याले पाह्यजे. शिकू दे पोट्टीले. तिचं पोट भरते का नाई ते मी पाहतो."

पण पदविका झाली, वर्ष घरात बसून काढलं, आणि बाबांना हळूहळू धीर आला. त्यांनी अट घातली. आत्याच्या हळदीला मी माझ्या चिनीच्या जोरावर गिऱ्हाईक आणून दाखवायचं. माल गेला तर ते पुन्हा बी.एड.चं नाव काढणार नाहीत. नाही गेला तर येत्या हंगामात मुकाट्याने प्रवेश. आत्यानं माझ्या वतीनं ही अट परस्पर मान्यही करून टाकली.

आत्याचं गाव समुद्रपूरच्या पुढे, गिरडच्या रस्त्याला. तिथल्या बायांच्या बचत गटाची ती म्होरकी. हळद लावण्यापासून शिजवून, वाळवून, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करेपर्यंत सगळं त्याच करतात. मी त्या हळदीचे फोटो काढले आणि दिसेल त्या व्यापाऱ्याला चिनीतून लिहीत सुटले. बहुतेकांनी दाद दिली नाही. एकीचं उत्तर आलं. ती तैवानची, मसाल्यांचा आणि रंगांचा व्यापार करणारी. तिनं पुढे मला सांगितलं, की भारतातून इंग्रजीत लिहिणारे ढिगाने असतात, ती कुणाचं उघडूनही पाहत नाही. माझं उघडलं, कारण ते तिच्या भाषेत होतं. आणि विश्वास बसला तो त्यात दोन चुका होत्या म्हणून. यंत्र अशा चुका करत नाही, म्हणजे पलीकडे खरंच माणूस आहे, असा तिनं हिशेब केला. माझ्या चुकांचं एवढं चीज कधी झालं नव्हतं.

ती मुंबईत एका प्रदर्शनाला येणार होती, तिथून नागपूरला आली. मी आणि बाबा गाडी करून तिला घ्यायला गेलो. तैवान म्हणजे चीनच ना, असं बाबांनी वाटेत दोनदा विचारलं. हा विषय जेवताना काढायचा नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. साठीच्या आतबाहेरची, बारकी, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली ती बाई गाडीत बसल्या बसल्या माझ्याशी बोलायला लागली, आणि मला तिचं जवळजवळ सगळं समजलं. माझा आनंद पोटात मावेना.

आत्याच्या घरात शिरताच तिला समोर बुद्धाची मूर्ती दिसली. तिनं पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली. आत्या विरघळलीच. "आपलीच हाय बाई," ती माझ्या कानात म्हणाली. मग पाटवडीचा रस्सा काय, भाकर काय, तुपाची धार काय. पाहुणीनं नाकाचं पाणी पुसत पुसत सगळं खाल्लं. आता बी.एड. हातचं जातं की काय, अशी थोडी काळजी बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसली.

खरा प्रकार जेवणानंतर सुरू झाला. अंगणात पोती उघडली होती. पाहुणीनं एक हळकुंड उचललं, मोडलं, हुंगलं, दाताखाली धरलं आणि तोंड वाकडं केलं. हळकुंडं सारखी नाहीत, म्हणाली. एक करंगळीएवढं तर एक अंगठ्याएवढं. पॉलिश अर्धवट. मुळ्या नीट काढलेल्या नाहीत. या पोत्याला ओल लागलेली दिसते. त्या पोत्यात तर तिला खडाच सापडला. तो तिनं दोन बोटांत धरून उन्हात असा काही न्याहाळला, की जणू आम्ही तो मुद्दाम वाढवून आणला होता.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. लहानपणापासून आम्हाला एकच गोष्ट ठोकून ठोकून शिकवली आहे: इकडचं तिकडं करायचं नाही. काकू आईबद्दल काय बोलली हे आईला सांगायचं नाही, आई काकूबद्दल काय म्हणाली हे मनातसुद्धा आणायचं नाही. एकदा का पोरगी कळलावी म्हणून ठरली, की तिला कुणी ओसरीवर टेकू देत नाही. आणि दुभाष्याचं काम म्हणजे नेमकं हेच, फक्त पगार घेऊन. ही पगारी चुगली आहे हे मला विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आत्यानं विचारलं, काय म्हणून राह्यली, तर मी म्हणाले, रंग छान आहे म्हणते. मुळ्यांची तक्रार आली, तर मी म्हणाले, वास फार सुंदर आहे म्हणते. आत्या खुलत गेली. मी दुसऱ्या बाजूलाही तोच गोडवा वाटला. पाहुणीला सांगितलं, की तुमचं म्हणणं आत्याला अगदी पटतं आणि ती तुमची आभारी आहे. दोघी हसत होत्या. मला वाटलं, आपण काय झकास काम करतोय.

मग भावाची गोष्ट निघाली. पाहुणीनं भाव पाडून मागितला. आत्या म्हणाली, एवढी आवडली तर कमी काऊन करू? ती एक पैसा उतरेना. पाहुणीनं खडा पायरीवर ठेवला, हात झटकले, पिशवी खांद्याला लावली, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, तुमची हळद फारच उत्तम आहे, आम्ही परत जाऊन नक्की विचार करू.

मला माझी आई साडी घेताना दिसली. ज्या साडीला ती 'किती छान' म्हणते ती कधीच घरी येत नाही. जी घ्यायची असते तिचे काठ जाड, पोत हलका, रंग पहिल्या धुण्यात जाणारा, असं अर्धा तास चालतं आणि दुकानदार खुशीत असतो. नावं ठेवत होती तोवर ही बाई आमची हळद विकत घेत होती. माझ्या भाषांतरात मात्र आत्यानं सगळ्या खोडी हसत हसत कबूल केल्या होत्या, त्यावर एक शब्द बोलली नव्हती आणि भावही सोडला नव्हता. अशा माणसाकडून कोण माल घेईल?

"आत्या," मी म्हणाले, "मी तुले खोटं सांगितलं. तिनं एकही चांगला शब्द बोलला नाई." आणि खड्यापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाबांनी कपाळाला हात लावला.

आत्याचा चेहरा असा लाल झाला की मी दोन पावलं मागे सरकले. पण ती माझ्यावर नाही, पाहुणीवर उलटली. बुद्धाले हात जोडते अन् हळदीत खोट काढते? तिले सांग, लहान-मोठं निघणारच, हे वावर हाय, कारखाना नाई. पॉलिश कमी हाय, कारण जास्त घासलं की माल ड्रममधे झिजते, अन् ते वाचवाले लोक वरून रंग फासते. आम्ही फासत नाई. ओल कुठं हाय ते हात घालून दाखव म्हणा. खडा तेवढा आमचा, तो मी वापस घेतो.

या वेळी मी एक अक्षर गाळलं नाही. बुद्धाचंसुद्धा सांगितलं. पाहुणीनं ऐकून घेतलं, पिशवी खांद्यावरून काढली आणि पोत्याजवळ फतकल मारून बसली. कोपरापर्यंत हात आत घालून तिनं तळाची हळद वर काढली. ती कोरडी निघाली. यानंतर दोघींचं जे जुंपलं ते चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत थांबलं नाही. मी मधे बसून इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करत होते, आयुष्यात पहिल्यांदा कुणाची भीती न बाळगता. किती मजा येते त्यात, काय सांगू. शेवटी आत्या थोडी उतरली, पाहुणी थोडी चढली. गटाकडे होता तेवढा सगळा माल ठरला आणि पुढच्या पिकाचंही बोलणं झालं. बाबा उठून गाडीवाल्याशी उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारायला गेले.

निघायच्या वेळी पाहुणीनं आत्याचा हात धरला आणि मला म्हणाली, आता हे नीट सांग. ही मुलगी मला दे. मी तुमच्या देशातून पुष्कळ माल घेते, पण समोरचा खरोखर काय म्हणतो ते सांगणारं माणूस मला मिळत नाही. माझ्या तायपेईच्या कचेरीत राहील, शिकेल.

आता मला माझंच मागणं मराठीत करायचं होतं. तेही सांगितलं. बाबा अंगणाच्या तोंडाशी थबकले. आत्या माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "तिले सांग, हे पोट्टी सकाळी उठत नाई. स्वैपाक येत नाई. राग नाकावर राहते. एकटी कधी राह्यली नाई, ताप आला की रडते." मी माझ्या खोडी एकेक करून शुद्ध चिनीत सांगितल्या. तापाचीही सांगितली, तेव्हा मला रडूच फुटलं.

पाहुणीनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, की नावं ठेवतो तो माल घेणारा, इथे तर विकणारीच नावं ठेवते आहे. म्हणजे द्यायची नाही का?

मी आत्याला ते जसंच्या तसं सांगितलं. पदरानं तिनं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"विचार तिले," ती म्हणाली, "पगार किती देते."

पाहुणीनं आकडा सांगितला. तो मराठीत करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "कमी हाय म्हण तिले."